पाणी न घालणाऱ्याच्या नावे

मी, भाऊसाहेब ज्ञानू काटकर, वय एकोणपन्नास, मूळ राहणार धामणवाडी, तालुका माण, जिल्हा सातारा, सध्या राहणार हाइल, सौदी अरेबिया, बुद्धी ठिकाणावर असताना आणि हृदय तितकेसे ठिकाणावर नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर तो न लिहिण्याचा आहे, कारण पत्नी हेमलता सकाळपासून "अहो, शुक्रवारचं असलं अभद्र लिहू नका" म्हणत कागद ओढते आहे.

कारण असे की, रविवारी रियाधला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. माझी उभी नोकरी इस्पितळात गेली आहे. हे वाक्य कोणाला सांगतात, ते मला माहीत आहे.

कलम एक. साताऱ्याचा फ्लॅट, बँकेतली ठेव, विमा आणि इस्पितळाकडून येणे असेल ते सर्व हेमलताला मिळावे. जन्मभराची कमाई दोन ओळींत संपली, याचे मलाही नवल वाटते. कुकरही तिचाच. त्याची शिट्टी खालच्या मजल्यावरच्या रणजित मोहितेकडे आहे. त्याने कुकर नेला आणि शिट्टीशिवाय परत केला. ती वसूल करण्याचा हक्क मी हेमलताला देत आहे.

कलम दोन. आईने दिलेला खंडोबाचा टाक मुलगी सुरुचीला द्यावा. रोज पूजा करावी अशी अट नाही. येता-जाता दिसेल असा ठेवावा आणि दिसला की हात जोडावेत. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू आर नॉट डायिंग, ओके?" हे उत्तर मी होकार समजतो.

कलम तीन. माझा देह गावी न्यावा. कागदपत्रांना वेळ लागेल, तोवर कोणी इस्पितळातल्या कारकुनावर ओरडू नये. तो भला माणूस आहे, फक्त त्याचे 'बुकरा' म्हणजे आपले 'उद्या' नव्हे, हे लक्षात ठेवावे. इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावरचा, फोटो वर्तमानपत्रात देऊ नये, त्यात मी आधीच गेल्यासारखा दिसतो. आणि माझ्या अंगावर माझी गझानियाची फुले ठेवू नयेत. ती सावलीत मिटतात. पेटीत बघून रणजित तिथेही म्हणेल, "बघा, दादांची फुलं शेवटपर्यंत उमलली नाहीत."

कलम चार. आता मुख्य विषयाकडे येतो.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या गझानियाच्या कुंड्या आहेत. पिवळी, केशरी, काही तपकिरी पट्ट्यांची. सगळी मी बियांपासून वाढवली आहेत. बी म्हणजे कापसात गुंडाळलेला कणच. थंडी सुरू झाली की वाळूमिश्रित मातीत पेरायचे, वर बोटभरही माती नको, चिमूटभर पुरे. एकदा पाणी शिंपडून वर्तमानपत्राने झाकायचे, कारण याला रुजायला अंधार लागतो आणि फुलायला ऊन. माणसाचेही तसेच असावे, असे मला कधीकधी वाटते. पण ते असो.

रोप एकदा धरले की त्याची एकच मागणी असते, ती म्हणजे त्याच्याकडे लक्ष देऊ नये. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. हाइलचे ऊन, वारा आणि धूळ त्याला मानवते. मानवत नाही ती दया.

आणि या इमारतीत दयेला तोटा नाही. हेमलता माण तालुक्यात वाढली. तिथे टँकर यायचा. दारातले झाड तहानलेले ठेवून आपण जेवायचे, हे तिच्याने होत नाही. मी ड्युटीवर गेलो की ती तांदूळ धुतलेले पाणी घालते. शेजारच्या ताजुन्निसा भाभी हैदराबादच्या. त्या संध्याकाळी नमाजाआधी हात-तोंड धुऊन, म्हणजे वजू करून, उरलेले पाणी घालतात. मी एकदा हात जोडून विनंती केली, तर म्हणाल्या, "भाई, प्यासे को पानी पिलाना सवाब है. तुम सवाब का रास्ता नक्को रोको." सवाब म्हणजे पुण्य. दोन धर्म एका गोष्टीवर इतके एकमताने चाललेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. दर उन्हाळ्यात मुळे कुजतात, मी उरलेल्या बोंडांतून बी काढतो आणि थंडीत पुन्हा पेरतो.

मी स्वतः रोज सकाळी सूर्याला हात जोडतो, पण पाणी सोडत नाही, कारण खाली कुंड्या आहेत. सूर्यनारायण समजून घेतो. हेमलता घेत नाही.

मी डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे. पाणी मोजून प्या, हे सांगण्यात माझा दिवस जातो. आणि रोज कोणाचा तरी मुलगा पाठ वळताच बापाला बाटली देतो. त्याची माया खोटी नसते. पण ते पाणी पुढे मशीनवर मलाच काढावे लागते.

मी गेलो तर या कुंड्या पहिल्या आठवड्यातच बुडतील. मागे कोणी पेरणारा राहणार नाही. म्हणून मला असा वारस हवा, ज्याला झाडांची अजिबात माया नाही.

पुष्कळ विचार केला. असा मनुष्य हाइलमध्ये एकच आहे. रणजित.

रणजित एक्स-रे विभागात कायम रात्रपाळीला असतो. दिवसभर झोपतो आणि दिवे लागल्यावर वर चहाला येतो. तोवर गझानिया मिटलेली असते. त्याने आयुष्यात तिचे उघडे फूल पाहिलेले नाही. "दादा, ह्या कळ्या कोणत्या सालच्या?" असे तो चारचौघांत विचारतो. हाइलमधल्या समस्त मराठी मंडळींत माझी फुले थाप म्हणून प्रसिद्ध झाली, ती त्याच्यामुळे. हे मी विसरलेलो नाही. पण त्याच्या घरातला मनीप्लँट पाण्याच्या बाटलीत असूनही वाळला, हेही मी विसरलेलो नाही. अशी पात्रता शोधून सापडत नाही.

सबब सर्व कुंड्या, खुरपे आणि बियांची पुडी मी रणजित मोहिते यास देत आहे. अट एकच: त्याने आज आहे तसाच राहावे.

साक्षीदारांविषयी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे साताऱ्याच्या वकिलांनी फोनवर सांगितले, त्यामुळे रणजित बाद. ताजुन्निसा भाभींचे पती वहाबभाई एक साक्षीदार आहेत. तेच मला आज गाडीने रियाधला नेणार आहेत. तुम्हाला काही देता येणार नाही, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह, गमलों से तो बचा." दुसऱ्या साक्षीदार भाभी होत्या. मजकूर हिंदीत समजावून सांगितला, तर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "प्यासे को पानी नक्को बोलते? ऐसे कागज पे मैं दसखत नै करती."

दुरुस्ती. कलम चार आज दुपारी रद्द करावे लागत आहे. पुन्हा सगळे लिहायला वेळ नाही, म्हणून खालीच लिहितो.

जुम्म्याची नमाज आटोपून वहाबभाई आले, तेव्हा कुंड्यांचा ताबा देण्यासाठी मी रणजितला झोपेतून उठवून गच्चीवर बोलावले. तो लुंगीवर, डोळे चोळत, कुरकुरत आला आणि दारातच थांबला. ऊन डोक्यावर होते. फुले सगळी उघडी होती.

"दादा, ही... तीच?"

"तीच."

"रोज अशी असतात?"

"रोज. तू झोपलेला असतोस तेव्हा."

तो कुंडीशी उकिडवा बसला. एका पाकळीवरून बोट फिरवले. मला वाटले, जिंकलो. मग तो वर बघून म्हणाला, "दादा, काय ऊन आहे हो. घसा कोरडा पडला असंल बिचाऱ्यांचा."

मी उठेपर्यंत त्याने टाकीवरचा मग उचललेला होता. हेमलताने त्याला नळ दाखवला. दारामागून भाभी म्हणाल्या, "माशाल्लाह, पैली बार अक्कल की बात करे."

ज्याने ही फुले उमललेली पाहिली नाहीत, त्याला ती देण्यात अर्थ नाही. आणि ज्याने पाहिली, तो पाणी घालणारच. ही अडचण मला आधी सुचायला हवी होती.

सबब कुंड्यांना वारस नाही. कलम एक ते तीन माझ्या मागे लागू व्हावीत. कलम चारसाठी मला परत यावे लागेल. तसे मी आत्ताच सूर्यनारायणाला हात जोडून सांगितले आहे, पाणी न सोडता.

रणजित वारस न राहिल्यामुळे साक्षीदार होण्यास पात्र झाला आहे. शिट्टीचा दावा मात्र कायम आहे.

वरील मजकुराखाली मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: भाऊसाहेब ज्ञानू काटकर

साक्षीदार:
१. अब्दुल वहाब (सही)
२. रणजित मोहिते (सही. सही करताना त्याच्या हातातला मग वहाबभाईंनी धरला होता.)

स्थळ: हाइल, गच्ची
दिनांक: शुक्रवार, १० एप्रिल २०२६

ता. क. टाकीवरचा मग मी रियाधला सोबत नेत आहे.