घेवड्यात आधी लिंबू

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आप्पांच्या घशाच्या ऑपरेशनची जखम भरून आली, डॉक्टर गिळा म्हणतात, आणि हे थेंबभर पाणीही घेत नाहीत, याला काय म्हणावं? वीस तारखेपर्यंत गिळलं नाही तर नाकातली नळी काढणार आणि पोटाला भोक पाडून तिथे बसवणार, हे वाचून मी दोनदा खुर्चीवरून उठलो.

फोन केला की आवाज गेल्यामुळे त्यांना उलट बोलता येत नाही म्हणून चिडतात, म्हणून पत्र लिही, आणि खाण्याचंच लिही, असं तू म्हणतेस. चाळीस वर्षं खाणावळ चालवलेल्या माणसाला भूक आठवून द्यायची, आणि ती कोणी, तर चुलीपाशी अर्धा तास टिकेना म्हणून पळालेल्याने! बरं, ऐक.

आमची कंपनी परिषदांना माइक, पडदे, दिवे पुरवते. या जुन्या शहरात तीन परिषदा लागोपाठ, म्हणजे महिनाभर मुक्काम. सध्या जुन्या इमारतींची चालू आहे. एक प्राध्यापक हॉलमागच्या गल्लीवर दोन तास बोलले. गल्ली दीड मिनिटात चालून होते, मी घड्याळ लावून बघितली. दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. एका अंगाला पावाचा भट्टीवाला, दुसऱ्या अंगाला घेवड्याचा रस्सा विकणारा. काल तिथे जेवलो. मालक घेवडा, पाणी आणि आठ लिंबं एकदमच चढवतो आणि तासाभरात लोण्यासारखा शिजवून काढतो. दोन वाट्या ओरपल्या. सोबतची पोरं तर बोटं चाटत होती. आप्पांना सांग, मजेत आहे.

लोभ आहेच, तो असाच ठेव. उपदेश थोडा कमी केलास तरी चालेल.
तुझा धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर लावता लावता माझा चहा गार झाला. सातवीत शाळा सोडलीस, पण मास्तरांनी तुझ्या अक्षराचा नाद त्याआधीच सोडला असावा.

आप्पांना वाचून दाखवलं. गल्लीपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. लिंबापाशी उघडले. पुन्हा वाच, अशी खूण केली. मग पाटी ओढून इतकं दाबून लिहिलं की पेन्सिल मोडली. आंबट आधी पडलं तर घेवडा जन्मात शिजत नाही. खाली, हा तिथे जेवलेला नाही. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात, हा जेवतो तरी का?

मी म्हटलं, तो कुठे स्वैपाकी आहे, चुकलं असेल बघण्यात. त्यांनी मला हातानेच गप्प केलं. नंतर पातळ सूपची वाटी पुढे धरली तर भिंतीकडे तोंड फिरवलं. भूक आठवून दे म्हटलं, तर तू त्यांना तुझा घोर लावून ठेवलास. अकरा दिवस उरलेत, त्यातले चार पोस्ट खाणार. खरं काय ते लिही.

माया आहे. सध्या तिच्यावर राग पसरून ठेवलाय, एवढंच.
तुझी ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंच आप्पांनी. मी तिथे जेवलो नव्हतो. सोबतची पोरंही नव्हती. कामावरचे बाकीचे तिघे एका गावचे, ते एकत्र जातात, एकत्र येतात. मला वाईट वागवत नाहीत. मी आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही, इतकंच.

घेवडा दारातून बघितला होता. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर मालकाने विचारलं, किती जण? माझ्या तोंडून निघून गेलं, येतायत अजून. तो बिचारा चार खुर्च्या मांडायला लागला, तसा मी सटकलो. त्यानंतर रोज गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने जायचो. परिषदवाल्यांची उरलेली पाकिटं स्पीकरच्या खोक्यावर बसून खायचो, गारढोण. आपल्या खाणावळीत मी एकट्याने जेवल्याचं तुला आठवतं का? कोपराला कोपर लागायचं, आणि तेव्हा त्यानेच माझा जीव घुसमटायचा.

आज तुझं पत्र खिशात घालून गेलो. एकच, म्हटलं. मालकाने ओळखलं, बाकीचे कुठे म्हणाला. मी म्हटलं, कोणी नाही. त्याने भिंतीकडचं टेबल दाखवलं.

आप्पांना सांग, लिंबू शेवटीच, तेही ताटात. घेवडा जरा जास्त झालेला, सालं सुटलेली. मीठ चढलेलं. पाव बुडाला करपलेला. पहिला घास घेतला आणि गिळवेना. घसा माझा धडधाकट, तरी नुसता तोंडात घोळवत बसलो. मग पाण्याबरोबर ढकलला. दुसराही तसाच. तिसऱ्यापासून जमलं.

हे वाचून दाखवावं की नाही, ते तू ठरव. शिव्या द्यायच्या तर दे, पण पत्रातून दे, म्हणजे पत्र तरी येईल.
तुझा धाकटा

ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सगळं वाचून दाखवलं. कोणी नाही, इथवर मी वाचलं तसे आप्पा पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत, उठून स्वैपाकघरात गेले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी मागे उभी राहून उरलेलं पत्र तिथेच वाचलं. घेवडा भिजत घातला. काल स्वतः शिजवला, गाळणीतून घोटला, मला हात लावू दिला नाही.

पहिला चमचा तोंडात धरून किती वेळ बसले. ठसका लागला, अर्धं बाहेर आलं. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर झटकला. दुसराही तसाच. तिसऱ्याला गळ्याची शिवण वर गेली आणि खाली आली. पाऊण तासात सात चमचे. डॉक्टर म्हणाले, पोटाची नळी तूर्त नको, पण रोज एवढं तरी गेलं पाहिजे.

आज पुन्हा अडून बसले. पाटीवर लिहिलं, आज तो काय जेवला? मी म्हटलं, पत्र चार दिवसांनी येतं, आत्ता मला काय कळणार? वाटी सरकवून दिली. मग मी आतून एक कागद आणला आणि तुझं पत्र आलंय म्हणून वाचायला लागले. आज तू भट्टीवाल्याकडचा गरम पाव आणि दोन उकडलेली अंडी खाल्लीस, उन्हात पायरीवर बसून. आप्पा माझ्याशेजारीच बसले होते. कागद कोरा होता, त्यांना दिसत होता. त्यांनी ऐकलं आणि सगळी वाटी संपवली.

तेव्हा रोज जेव आणि रोज लिही. मला काही रोज सुचायचं नाही.
तुझी ताई