पंधरा गुणांची तोंडी

३ मार्च २०२४

चि. आ-लान,

तुला आणि चीयुआनला माझे आणि काकूंचे भरभरून आशीर्वाद.

तू पाठवलेली लग्नाच्या केकची पेटी मंगळवारी पोचली. एकही केक मोडलेला नव्हता. कमळबियांच्या सारणाचे काकूने आधी उचलून कपाटात ठेवले आणि मला म्हणाली, "तुमची साखर वाढलीय, तुम्ही नुसती पेटी बघा." नारळाचे दोन मी तिच्या नकळत खाल्ले. हे तिला कळवू नकोस.

इकडे सगळं ठीक. समुद्राकडून तो दमट वारा सुरू झालाय, भिंतींना पाणी सुटतंय, चार दिवस झाले एक सदरा वाळत नाही. शाळेची जुनी इमारत पाडली. तुमच्या वर्गातल्या आ-बियाओने बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. परवा दिसला तेव्हा तुझ्या लग्नाचा विषय त्यानेच काढला आणि वर म्हणाला, "सर, बिचाऱ्या नवऱ्याला रोज शुद्ध इंग्रजीत बोलणी खावी लागणार." अजून तसाच आहे.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस की लग्नातल्या चहाच्या विधीला आईशेजारच्या खुर्चीत, म्हणजे बाबांच्या जागी, मी बसायचं आणि तू मला गुडघे टेकून चहा द्यायचा. मी ते तीनदा वाचलं. मनापासून बरं वाटलं, हे खोटं नाही. पण आ-लान, ते जमायचं नाही. माझे गुडघे आता काम करत नाहीत. शिवाय तुझे सख्खे काका आहेत, त्यांचा मान डावलून मी तिथे बसलो तर गावात उगाच चर्चा.

आणि तू लिहितेस, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून मी सावरले. अगं, वर्गशिक्षकाने जे करायचं तेच मी केलं. फोन आला तेव्हा तू इंग्रजीच्या तोंडीला आत गेली होतीस, फाटक बंद झालं होतं. बाबांपाशी तुला पोचवणं कुणाच्याच हातात नव्हतं. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. आता मंगल कार्यात ते कशाला उगाळायचं?

लग्नाला नक्की येईन. मागच्या एखाद्या टेबलावर बसेन आणि पोटभर जेवेन.

तुझे सर,
क्वांग


१९ मार्च २०२४

आ-लान,

तुझं उत्तर मिळून आठवडा झाला. "सर, खुर्चीत बसायला गुडघे लागतात कुठे?" हे वाक्य मी काकूला वाचून दाखवलं. ती हसली. काकांना तू आधीच विचारलंस आणि ते म्हणाले, मास्तरांचाच मान. म्हणजे माझी दोन्ही कारणं तू निकालात काढलीस. "आता तिसरं शोधा," असं लिहिलंयस.

पण त्याखाली जे लिहिलंस ते मी काकूला वाचून दाखवलं नाही. आईने तुला या वेळी पहिल्यांदाच सांगितलं की बाबा शेवटचं बोलले ते माझ्याशी. फोन त्यांच्या कानाशी ठेवून ती दाराशी काकांना हाक मारायला गेली होती, त्यामुळे काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. म्हणून तू विचारतेस, "सर, बाबा काय म्हणाले होते?"

सांगतो. पण थोडं मागून सुरुवात करू दे. सरळ तिथे जाण्याचं धैर्य माझ्यात नाही.

तुझ्या बारावीच्या हिवाळ्यात तुझी आई शाळेत आली होती. सुकवलेल्या कालवांची पुडी माझ्या हातात कोंबली आणि शिक्षकखोलीच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "सर, यकृताचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर उन्हाळ्यापर्यंत. पोरीला कळू देऊ नका. जूनमधली मोठी परीक्षा होऊ दे." मी कबूल केलं. तू समजत होतीस की बाबांना पोटाचं जुनं दुखणं आहे, म्हणून ते कालवांच्या तराफ्यावर जात नाहीत. यात माझं फार चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्याकडे बारावीच्या मुलांपासून असलं काही लपवलंच जातं.

मार्चमध्ये तोंडी होती. बेचाळीस मुलं बसमध्ये घालून मी दुसऱ्या शाळेत घेऊन गेलो. फाटकाबाहेर सगळ्यांचे मोबाइल काकूने शिवलेल्या निळ्या पिशवीत जमा केले. तुला आठवतच असेल, तुझी चिठ्ठी तिसऱ्या तुकडीची निघाली. एकदा आत गेलं की प्रतीक्षा-खोलीत कोंडून ठेवायचे, आपली पाळी आली की कानाला हेडफोन लावून यंत्रापुढे वीसेक मिनिटं बोलायचं. गोष्ट ऐकायची आणि आपल्या शब्दांत सांगायची. सगळे मिळून पंधरा गुण, जूनच्या परीक्षेत धरले जाणारे.

फाटक एक वीसला बंद होणार होतं. तू कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने गोष्ट सांगायचा सराव करत होतीस. आ-बियाओ म्हणाला, "भिंतीला इंग्रजी येत नाही गं." तू मागे वळूनही न बघता म्हणालीस, "तुझ्यापेक्षा बरं येतं तिला." सगळे हसले. मीही हसलो.

एक वाजून पाच मिनिटांनी पिशवीत फोन वाजला.

होय, एक पाचला. फाटक उघडं होतं. तू माझ्यापासून दहा पावलांवर होतीस.

पडद्यावर 'घर' असं आलं होतं. तुझी आई होती. "सर, आता लपवायचं नाही. आ-लानला पाठवून द्या. ते सारखं विचारतायत."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कशाला पाहिजेत? मला दिसतंय ना."

मी म्हणालो, "वहिनी, ती आत्ताच आत गेली हो. फाटक बंद झालं."

विचार करून बोललो असं नाही, आणि नकळत तोंडून गेलं असंही नाही. ते वाक्य अगदी तयार असल्यासारखं बाहेर पडलं. मी फोन बंद करतोय तेवढ्यात तू जवळ आलीस. "सर, माझा वाजला का?"

"जाहिरात होती. घर विकतायत कुणीतरी."

"सांगा त्यांना, आमच्याकडे तराफा आहे!" म्हणालीस आणि उड्या मारत आत गेलीस.

तू आत गेल्यावर मी तुझ्या फोनमधून त्या कॉलची नोंद पुसली. गडबडीत चूक झाली असं म्हणायला मला म्हणूनच तोंड नाही. चूक झालेला माणूस खुणा पुसत बसत नाही.

फाटकासमोर तीन टॅक्सी उभ्या होत्या. तुमच्या गावाला चाळीस मिनिटं लागतात. दोनच्या आत तू घरी पोचली असतीस. बाबा गेले चार वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी तू नुकतीच यंत्रापुढून उठली होतीस आणि चांगलं झालं म्हणून खूश होतीस. बसच्या दाराशी मी तुला सांगितलं, आणि तू मलाच धरून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो, "फोन आला तेव्हा तू आत गेली होतीस, बाळा," असं म्हणत. तो हात मला अजून माझा वाटत नाही.

का केलं, ते सांगणं भाग आहे. त्या वर्षी माझी वरच्या श्रेणीची फाईल जिल्ह्याला गेली होती. दोनदा परत आली होती, तिसऱ्यांदा गेली होती. इंग्रजीत जिल्ह्यात पहिली येणारी मुलगी माझ्या वर्गातली निघाली तर ती अडणार नाही, असं मला मुख्याध्यापकांनी चहा पिता पिता सांगितलं होतं. ती मुलगी तू होतीस. तोंडी चुकली की ते पंधरा गुण गेलेच, पुन्हा परीक्षा नाही.

नऊ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तुझ्या भल्यासाठी केलं. कालवं फोडून आईचे हात कापलेले, बाप अंथरुणाला खिळलेला, पोरीला चांगलं विद्यापीठ मिळालं तर घर वर येईल. यातलं काही खरंही असेल. पण तू वर्गात तिसावी असतीस, तर मी स्वतः तुला टॅक्सीत बसवून दिलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे आणि तेच मला खातं.

तू पंधरापैकी चौदा आणलेस. मी श्रेणी आणली.

त्यानंतर तू दर वर्षी चहाची पत्ती पाठवलीस, वाढदिवसाला फोन केलास. एका वर्षी कबरी झाडायच्या सणाला मला डोंगरावर घेऊन गेलीस आणि उदबत्ती लावून म्हणालीस, "बाबा, बघा कोण आलंय." मी वाकून नमस्कार केला. खाली उतरताना माझे पाय लटपटत होते, तेव्हा तू म्हणालीस, "सरांचे गुडघे गेले." गुडघ्यांचं ते निमित्त तूच मला दिलंस, आणि मी ते वापरत राहिलो.

काकूला हे मी परवा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला ताट वाढलं आणि स्वतः न जेवता उठून गेली. काल सकाळी एवढंच म्हणाली, "पिशवी मी शिवली होती." अजून नीट बोलत नाही.

उद्या पहिल्या बसने मी तुमच्या गावाला जातोय. तुला हे पत्र मिळेल तोवर आईला सगळं माझ्या तोंडून कळलेलं असेल. तिला हे तुझ्याकडून कळावं असं मला वाटत नाही, ते ओझं तुझं नाही. खुर्चीत मी बसणार नाही. लग्नाला यावं की नाही, ते तू ठरव. 'नको' असं एका शब्दात कळवलंस तरी पुरे, कारण देऊ नकोस.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी आधीच खूप घेतलंय.

क्वांग शौरेन


त्याच दिवशी, संध्याकाळ

पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. पोस्टापर्यंत जाऊन परत आलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही. एवढं सगळं लिहिलं आणि नेमकं तेच गाळलं. ही माझी जुनी सवय.

'आत गेली' असं मी म्हटल्यावर तुझ्या आईने फोन बाबांकडे नेला. मग म्हणाली, "त्यांनाच सांगा, माझं ऐकत नाहीत." आणि फोनवर बाबांचा श्वास ऐकू आला. पुष्कळ वेळ नुसता श्वासच.

"सर, आत गेली?"

"हो, थानभाऊ. आत्ताच."

"बरं. मग राहू द्या." पुढे म्हणाले, "रोज संध्याकाळी ती इंग्रजी म्हणते ना, आतल्या खोलीत. मला ओ की ठो कळत नाही. पण ऐकत पडलं की दुखणं कमी होतं. काल परीक्षेमुळे ती होस्टेलवर होती. म्हटलं, फोनवर थोडं म्हणाली असती तर…"

आ-लान, तू त्या वेळी भिंतीशी तेच म्हणत होतीस. मोठ्याने, स्पष्ट, मी शिकवलं होतं तसं एकेक शब्द सुटा करून. तू घरी जायला हवं होतंस असंही ते म्हणत नव्हते. परीक्षा सोडावी लागली नसती, टॅक्सी लागली नसती, माझी श्रेणीही जागच्या जागी राहिली असती. मी फक्त फोन धरलेला हात तुझ्या दिशेने पुढे करायचा होता.

मी फोनवर पंजा दाबून धरला. तुझा आवाज त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. कारण 'आत गेली' असं मी नुकतंच सांगितलं होतं.

पंजा काढला तेव्हा ते म्हणत होते, "त्रास दिला, सर. तुम्ही पोरांकडे बघा." तेच त्यांचं शेवटचं.

उत्तराची वाट पाहत नाही, असं लिहून संपवणार होतो. तेही खोटंच झालं असतं. वाट पाहतो आहे.

क्वांग शौरेन