न कापलेली पानं

दादा,

सभेत सगळ्यांसमोर तुझं प्रवचन तोडलं, म्हणून लेखी माफी हवी असा तुझा निरोप आला. घे, बसले लिहायला.

वडिलांनी तुला दिलेला ग्रंथ बांधणीसाठी तूच माझ्या टेबलावर आणून टाकलास. वर ऐकवलंस, "शिवायचं काम कर, अर्थ लावत बसू नकोस." लढाईची पानं तुझ्या बोटांनी काळी पडली आहेत. त्याच पानांवरून वीस वर्षं तू लोकांना गल्लीपलीकडच्यांविरुद्ध पेटवलंस. पण दादा, त्यापुढचा शेवटचा फर्मा, म्हणजे पानांची शेवटची घडी, छापखान्यातून आला तसाच दुमडलेला होता, कडासुद्धा कापलेल्या नव्हत्या! तू तो कधी उघडलाच नाहीस.

मी सुरी चालवली. आत राजा पडलेल्या शत्रूचं शिरस्त्राण उचलतो, तर खाली राजाचा स्वतःचाच चेहरा. ही लढाई मनातली आहे, एवढंच मी सभेत म्हणाले.

खरं सांगू? शिरस्त्राणाखाली तू दिसशील, अशी माझी खात्री होती. दिसले मीच, वर्षानुवर्षं तुझ्यावर दातओठ खाणारी. तुझा राग अजून येतो, पण आता मी त्याच्या मागे धावत नाही. आणि तुझी भीती म्हणशील, तर ती पानं कापली त्याच दिवशी गेली.

तेव्हा माफीचं विसर. हे पत्रही माझ्या खणातच राहील. ग्रंथ तेवढा पाठवते. कापलेली पानं पुन्हा जोडता येत नाहीत, आणि आली असती तरी मी जोडली नसती.

तुझी धाकटी,
बुकबाइंडर