टाकीचा वायसर

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

वि. वि. माझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर तू एक बोलतोस आणि मी भलतंच ऐकते, म्हणून आपलं पत्रच बरं. पण वहिनी गेल्यापासून तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हीत हवा कशी आहे एवढंच आहे. हवेची खबर मला पेपरातही मिळते. तू जेवतोस का, दिवसभर करतोस काय, कोणाशी बोलतोस, याचा पत्ता नाही. परवा तीन महिने होतील रे तिला जाऊन. आता तरी सांग.

मी ठरवलंय. १२ जुलैला तुझ्याकडे येते, चांगली महिनाभर राहायला. तिकीट काढायला भाच्याला सांगितलंय. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरने खाली वाकायची सक्त मनाई केली आहे, तेवढी एक अडचण. बाकी मी स्वतःचं स्वतः करते. स्वयंपाकही करीन, तोंड वाकडं न करता खायचा.

उत्तरात हवेपेक्षा काहीतरी जास्त असावं, एवढाच लोभ कर.

तुझी,
ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न.

पत्र पोचलं. हवा बरी आहे. (रागावू नकोस, गंमत केली.)

तू येऊ नकोस असं म्हणवत नाही, पण सध्या नको. कारण सांगतो, हसू नकोस. आमच्या संडासातली फ्लशची टाकी गळते. तळाचा रबरी वायसर झिजून कडक झालाय, त्यामुळे पाणी सारखं भांड्यात झिरपत राहतं आणि टाकी दिवसभर सूं सूं करत भरत राहते. ते पाणी वाया जायला नको म्हणून हिने गेल्या वर्षी एक पद्धत घालून दिली. टाकीखालचा कॉक बंदच ठेवायचा. जायचं असेल तेव्हा वाकून उघडायचा, टाकी भरू द्यायची, काम झालं की पुन्हा वाकून बंद. बालवाडीत तीस वर्षं शिकवलेली बाई ती, भिंतीवर कागदच लावला: ‘आधी कॉक उघडा. मग बटण दाबा. मग कॉक बंद करा. शहाणे व्हा.’ मोठी गोल अक्षरं आणि कॉककडे जाणारा लाल बाण. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हा धडा गिरवून गेलाय.

तो कॉक जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. तुला वाकता येत नाही. तेव्हा पावसाळा उलटल्यावर बघू.

तुझा राग ओढवून घेतलाच आहे, तर लोभही त्याच्याबरोबर असू दे.

तुझा,
धाकटा


ता. १८ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा आखडत्या हाताने.

छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होतास. गावभर रस्ते खणून हत्तीच्या पायाएवढे पाइप जोडलेस. आणि आता बोटाएवढ्या रबरापायी बहिणीला दारातून परत पाठवतोस? दहा मिनिटांचं काम आहे. तुला कंटाळा असेल तर प्लंबर बोलाव. तेही जमत नसेल तर मी येऊन बोलावते.

खरं कारण हे नव्हे, एवढं मला कळतं. खरं लिही. तिकीट आलंय. तारीख तीच.

न चुकता लोभ करणारी,
ताई


ता. २५ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

खरं हवंय ना तुला? घे मग.

मी प्लंबर बोलावणार नाही. गावातले निम्मे प्लंबर माझ्या हाताखाली पान्हा धरायला शिकले. त्यांच्यातला एक घरात येणार आणि विचारणार, साहेब, तुम्ही असताना मी कशाला? मी काय सांगू त्याला? माझे हात थरथरतात, ताई. दीड वर्ष होतंय. चहाचा कप मी अर्धाच भरतो, दाढी दोन हातांनी करतो. हिला कधी कळू दिलं नाही. गेल्या वर्षी एकदा ही बाजारात गेलीये असं बघून मी वायसर बदलायला गेलो आणि टाकीचं झाकणच हातातून निसटलं. कोपरा उडाला. बादली लागली म्हणून सांगितलं. तेव्हापासून टाकीला हात लावला नाही.

मग रोज एकच, रविवारी करतो. ही हसायची आणि आल्यागेल्यासमोर मला आळशी म्हणायची. तुझ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, तिच्या शाळेतल्या बायकांसमोर. मी ऐकून घ्यायचो. पण फेब्रुवारीत दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला धड उभं राहवत नव्हतं, तरी एक हात भिंतीला लावून वाकायची आणि कॉक बंद करायची. मी सरक म्हणायचो तर ऐकायची नाही. मी दारात नुसता उभा. एका शब्दाने सांगता आलं असतं की बाई, मला जमत नाही, आपण कोणालातरी बोलावू. तो शब्द तोंडातून निघाला नाही. पाच मार्चला पुन्हा दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात हातात घेऊन म्हणाली की आळशी माणसा, तो वायसर तेवढा बदला. त्यानंतर ती बोलली नाही.

म्हणजे बायको गेली ती हेच समजून, की नवऱ्याला आपल्यासाठी दहा मिनिटं काढता आली नाहीत. आता तो बदलून कोणाला दाखवू? आणि बदलला तर भिंतीवरचा तो कागद काढावा लागेल. तेवढंच तिचं अक्षर घरात रोज माझ्याशी बोलतं. तू येऊ नकोस. मला कोणी नको आहे.

तुझा,
धाकटा


ता. १ जुलै

प्रिय धाकट्या,

आज मायना राहू दे. तुझं पत्र वाचून मी खूप रडले. माझ्याकडे तिचं एक पत्र आहे. तुला कधी दाखवणार नाही असं मी तिला वचन दिलं होतं. ते आज मोडते. सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग पुढचं.

[सोबतचे पत्र]

ता. १९ ऑक्टोबर

ती. ताईंना,
तुमच्या भावजयीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते, पोटात ठेवा. ह्यांचे हात थरथरतात. मला माहीत नाही असं ह्यांना वाटतं. वाटू दे. परवा मी पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले, तर हे टाकी उघडून बसले होते. मी दाराआड थांबले. झाकण पडलं तेव्हा ह्यांनी स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, की मला आत जाववेना. तशीच मागे फिरले आणि चांगला तासभर बाजारात हिंडले. परत आल्यावर बादली लागली म्हणाले. मी बादलीला बोल लावला.

दुसऱ्या दिवशी तो कागद लावला. टाकी अशीच वापरायची म्हटलं की दुरुस्तीचा विषयच नको. आणि मी ह्यांना सगळ्यांसमोर आळशी म्हणते ना, ते मुद्दाम. आळशी म्हटलं तर हे हसून सोसतात. हात गेले असं कोणी म्हटलं तर सोसवणार नाही. तुम्हीही म्हणत जा, मला तेवढीच साथ.

थंडीच्या आधी तुम्ही या. हे सकाळी फिरायला गेले की आपण दोघी मिळून वायसर बदलू. मी दुकानात विचारून ठेवलंय. आपोआप बसला म्हणून सांगू, बघू पटतं का!

मोठ्यांची माया आहेच, धाकट्याची काळजीही तुमच्यावर सोपवते.

तुमची,
भावजय

[पत्र संपले]

वाचलंस? तिने मला बोलावलं होतं. मी लिहिलं, थंडी सरू दे, मग येते. थंडी सरली आणि तीही गेली. तू दहा मिनिटांचा हिशेब लावत बसलायस, मी या चार महिन्यांचा कुठे लावू?

वायसर बदल नाहीतर नको बदलूस. मी १२ तारखेला येतेय. वाकायला लागलं तर वाकीन, डॉक्टर गेला खड्ड्यात.

ताई


ता. ९ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तिचं पत्र पहिले दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. उघडलं की डोळे भरून यायचे, आणि घडी घालताना हात असे थरथरायचे की तिच्या अक्षरांवरच रेघा पडायच्या. कर्मच माझं! एका घरात दोन माणसं, दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. तिने मला जपलं आणि मी तिला वाकू दिलं. तिला कळलं होतं याचं बरं वाटतं, आणि त्याच क्षणी काळीज फाटतं. हे दोन्ही कसं होतं ते मला सांगता येत नाही.

काल खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं दार वाजवलं. त्याला म्हणालो की माझे हात थरथरतात, टाकीचं झाकण तेवढं उचलून द्या. जन्मात पहिल्यांदा हे वाक्य दुसऱ्या माणसापुढे बोललो. तो वर आला, झाकण उचलून टॉवेलवर ठेवलं आणि बाकीचंही करू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

मग कॉक बंद आहे ना बघून टाकी रिकामी केली. आतला व्हॉल्व्ह दोन्ही मनगटांत धरून फिरवला. पहिल्या दोन खेपांना सटकला, तिसऱ्यांदा सुटला. वायसर अगदी लाकडासारखा झाला होता, नखाने तुकडे पडले. ते तुकडे घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला की बाई गेल्या वर्षी माप विचारून गेल्या होत्या, आला की ठेवा म्हणाल्या, मग परत आल्याच नाहीत. त्याने तिचा बाजूला ठेवलेला वायसर फळीवरून काढून दिला. मी तोच बसवला. दहा मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला.

कॉक पूर्ण उघडला. टाकी भरली आणि थांबली. मी पालथ्या बादलीवर बसून ऐकत होतो. सूं सूं नाही, ठिबक नाही. हीच शांतता तिला वर्षभर हवी होती. मोठ्याने म्हणालो की झालं गं. मग तिथेच बसून मी ओक्साबोक्शी रडलो, चार महिन्यांत पहिल्यांदा. उठल्यावर सवयीने वाकून कॉक बंदही केला, आणि तिच्या कागदाकडे बघून पुन्हा उघडला.

कागद काढलेला नाही. काढवणार नाही. तू आलीस की त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, नुसतं बटण दाब. तुला वाकावं लागणार नाही.

स्टेशनवर येतो. सामान मात्र हमालाकडे दे, माझ्या हाताचा भरवसा नाही. आणि भेटल्यावर चारचौघांत मला त्या नावाने हाक मार, ज्या नावाने ती मारायची. तेवढा लोभ कर.

तुझा,
आळशी