चौथ्या चाकाची साक्ष

चि. अजितमास्तर यांस आगरदांड्याहून बुधाजीदाजींचे भरघोस आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. नवा टेम्पोही खुशाल आहे, फक्त दीड महिना तो जागचा हललेला नाही आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली आहे. तुझा घसा कसा आहे? तळा गावच्या शाळेत पोरांना रसायनशास्त्र शिकवून तो बसतो म्हणे. घशाला जप, तो लागणार आहे. (कशाला ते खाली येईल.) फोन सोडून पत्र का, तर आमच्या घरात फोन स्पीकरवर बोलायची पद्धत आहे आणि तुझी ताई कमळ त्या स्पीकरपासून चार हातांपलीकडे कधी जात नाही.

दाजीला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. साफ खोटं. म्हणजे पकडलं हे खरं, त्याच्या आधीचं खोटं. नवी गाडी आली की वेशीवरच्या देवापुढे उभी करायची आणि जो ती चालवणार त्याने देवाच्या बाटलीतली दारू तोंडात घेऊन एकेका चाकावर चूळ टाकायची, ही आमच्या घराण्याची रीत. (वडिलांनी बैलगाडीलाही हेच केलं होतं. तिला दोनच चाकं, त्यामुळे बाटली उरायची आणि ती उरलेली कुठे जायची हे कोणी विचारत नसे.) आता चार वर्षांपूर्वी तुझ्या हळदीत मी मांडवाचा खांब धरून नाचलो आणि खांब घेऊनच घरी आलो, त्यानंतर ताईने मला देवासमोर उभं करून दारू सोडायला लावली, हे तू जाणतोसच. म्हणून या वेळी रीत पाळण्याआधी तिची परवानगी काढली. हातात नारळ धरून ती म्हणाली, "चूळ टाकायची, घोट न्हाय."

तसं सगळं केलं, नारळ फोडला आणि बर्फाच्या लाद्या घेऊन दिघीची फेरी बोट गाठायला निघालो. सकाळचे दहा वाजलेले. जेट्टीच्या अलीकडे, शनिवारच्या पर्यटकांसाठी लावलेल्या नाकाबंदीत हवालदाराने हात केला. यंत्रात फुंकर मारली तर आकडा असा चढला की यंत्र बिघडलं समजून त्याने पुन्हा मारायला लावली. मी त्याला रीत सांगू लागलो. तो म्हणाला, इथे दर शनिवारी कोणी ना कोणी देवाचं नाव पुढे करतं. दवाखान्यात रक्त घेणारा माणूस कुठल्याशा शिबिराला गेलेला, त्यामुळे रक्त काही तपासलं गेलं नाही. बर्फ ठाण्याच्या आवारात वितळून गेला. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, म्हणून गाडी उभी. आता ते निलंबित व्हायची पाळी आली आहे, आणि ते गेलं की ज्यांचा माल मी वाहतो ते मासेवाले कायमची दुसरी गाडी लावणार. मास्तर, मला खरंच धास्ती वाटते रे. या वयात मी दुसरं काय शिकू?

आमच्या वकीलबाई मृणाली (वय लहान, पण बोलायला लागल्या की समोरच्याला पाणी मागायला लावतात) म्हणाल्या की चूळ टाकली तरी दहा-पंधरा मिनिटं दारूचा अंश तोंडात राहतो आणि यंत्र तोच पकडतं. कायदा बघतो रक्त. शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत कायद्याचं काही म्हणणं नाही. पण हे आपण सांगून कोर्ट ऐकत नाही, त्याला तज्ज्ञ साक्षीदार लागतो. म्हणून कुठल्याशा प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले जीवनराव आणले. चष्मा जाड, बोलणं संथ, मला माणूस एकदम पटला. वकीलबाईंच्या अंगणात त्यांनी प्रयोग करून दाखवला. चूळ भरली, टाकली, यंत्रात फुंकले, आकडा आभाळात. पंधरा मिनिटांनी फुंकले, शून्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण जीवनराव म्हणाले, शास्त्रात एकदा करून भागत नाही. मग त्यांनी देशीवर केला, इंग्रजीवर केला, पुन्हा देशीवर केला. तिसऱ्या वेळेपासून चूळ भरताना दिसायची, टाकताना दिसायची नाही. संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना त्याच नाक्यावर त्याच हवालदाराने त्यांना धरलं. आता माझ्या साक्षीदारालाच साक्षीदार हवा आहे.

राहिली डोळ्यांनी पाहिलेली साक्ष. ती तुझ्या ताईची, कारण चुळा टाकताना मागोमाग हळदकुंकू घेऊन तीच फिरत होती. पण ती वकीलबाईंना एवढंच म्हणाली, "मी बघितलं त्येवढं सांगेन." आणि दीड महिना माझ्याशी बोललेली नाही. भाकरी वाढते, पण भिंतीकडे बघून. असो. बायकोला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बुधाजीदाजी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तारीख येत्या सोमवारी आहे, तज्ज्ञ म्हणून तू ये. तुझ्याकडे पदवी आहे, चष्मा आहे, आणि सोलकढी जरा आंबलेली वाटली तरी ग्लास बाजूला सारणारा तू एकटाच माझ्या पाहण्यात आहेस. तालीम करायला तुझ्याकडे कितीही बाटल्या दिल्या तरी मला काळजी नाही.

आणखी ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? तीन चाकांवर चुळा टाकल्या. मागच्या डाव्या चाकाशी वाकलो आणि बोटीचा भोंगा वाजला. दचकलो, गिळली. भोंग्याला तरी किती दोष देऊ? चार वर्षांनी चव लागली होती, तो वाजला नसता तरी गिळली असती. ताईला हे कळता कामा नये. तेवढं सांभाळ.

अजित, हे मी लिहिते, कमळ. ज्या डब्यात घालून हे पत्र तुला धाडायचं, त्यात सुक्या कोलंबीचे सोडे मीच भरले, तर पत्र मला दिसणार न्हाय व्हय? मागचं डावं चाक सुकं व्हतं, ते मी तेव्हाच बघितलं. दीड महिना वाट बघते, हा माणूस मला सांगंल म्हणून, आणि सांगितलं कुणाला, तर तुला. मी कोर्टात खरं तेच सांगणार, तीन चाकं ओली, एक सुकं. एका घोटानं तीस मिलिग्रॅम व्हत न्हाय, ते तू पुढं सांग, म्हणजे लायसन वाचंल. सोमवारी नको, रविवारीच ये. कोर्टात यांच्या बाजूनं बोल, घरी माझ्या.