सोडलेल्या जागा

४ ऑक्टोबर १९९८, आर्वी
सुशीलाच्या तेरवीची भांडी आज परत गेली. पाहुणेही गेले. साळी पुष्पा, सुशीलाची धाकटी बहीण, तेवढी आहे, उद्या तीही वडनेरला जाईल. संध्याकाळी टायपिंग क्लास उघडला. चार मुली आल्या. मशीनचा आवाज नको वाटत होता, पण बंद करा म्हणवले नाही.
तिचे काम टेबलावर तसेच आहे. हात लावला नाही.

११ ऑक्टो.
आंजीहून मार्ताबाईंचा निरोप, वर्धा गाडीच्या कंडक्टरजवळ. भेटून जा म्हणतात. तीस वर्षे आंजीत मलमपट्टीचा दवाखाना चालवला, आता डोळे गेले. मार्चमध्ये कायमच्या इंग्लंडला, भाचीकडे. भाचीच्या मुलांना बाईंची स्पॅनिश येत नाही. बाईंच्या गावी ऑलिव्ह वेचताना बायका गाणी म्हणायच्या. ती इंग्रजीत करून द्यायचे सु.ने कबूल केले होते.
दर रविवारी जाऊन ती बाईंकडे स्पॅनिश शिकली. शिकवायची त्या शाळेत कोणाला सांगितले नाही. हसतील म्हणून.

१८ ऑक्टो.
टेबल आवरले. गाणी सगळी झालेली आहेत. ती बोलायची, मी टाइप करायचो. दोन अर्थांचा शब्द आला की म्हणायची, "थांबा." मग, "जागा सोडा." मी स्पेसबार दाबत राहायचो. "हं, चला," म्हणाली की पुढे.
शब्द नंतर सुचेल, म्हणायची.
पानापानावर त्या कोऱ्या जागा.

१ नोव्हें.
आंजीला गेलतो. बाई ओसरीवर ऊन घेत बसल्या होत्या. आवाजावरून ओळखले.
"काऊन जी भाऊ, सुशीला गेली तं रस्ता बी विसरले?"
मूळ गाणे त्यांना पाठ. मी कोरी जागा आली की विचारायचो, इथे कोणता शब्द. पहिल्याच गाण्यात पेना. म्हटले, म्हणजे काय?
"दुःख. अन् लाज बी."
"इथे कोणते?"
"बाई रडून राह्यली अन् पदर बी तोंडावर घेतला. आता तुमीच सांगा कोनतं."
दुसरीकडे तिएंपो. वेळ, आणि हवासुद्धा. वेचणारी म्हणते, तिएंपो वाईट आहे. काळ वाईट, की आभाळ? बाई म्हणाल्या, "कापूस वेचनारीले इचारा. ते सांगन का येगयेगळं?"
घरी आलो. काही सुटले नाही.

६ डिसें.
वर्ध्याहून स्पॅनिश-इंग्रजी डिक्शनरी आणली. रोज क्लास सुटल्यावर बसतो. सुएन्यो: झोप, स्वप्न. आईच्या मांडीवर लेकराला सुएन्यो आला आहे. स्लीप टाइप केले. खोडले. ड्रीम केले. खोडले.
जेवण केले नाही. भूक नव्हती.

३ जाने. १९९९
पुष्पा आलती. भाकरी थापता थापता बोलली, "भाऊजी, तुमाले स्पॅनिशचा एक शबद येत नाई. ताईचं काम ताईसंग गेलं. सोडा ना."
जाताना दारात रडली. मी पिशवी धरून उभा.

७ फेब्रु.
आज सगळ्या जागा भरल्या. जिथे ठरेना तिथे डिक्शनरीतला पहिला शब्द घेतला. जन्मभर मुलींना शिकवले, मधेच कोरी जागा दिसली म्हणजे चूक. फेअर कॉपी काढली. नवी रिबन. खाडाखोड एकही नाही.
जुनी पाने क्लासच्या पाठकोऱ्या ढिगात ठेवली. आपल्याकडे फेअर झाले की रफ तिथेच जाते, मागच्या बाजूवर मुली सराव करतात.
बरे वाटायला हवे होते.

२१ फेब्रु.
आंजी. वाचून दाखवले. बाईंना इंग्रजी बेताचे, पण मान लावून ऐकले. शेवटी हसल्या.
"लय साफ झालं भाऊ. घासल्या भांड्यावानी. खरकटं म्हनून उरू नाई देल्लं."
मग म्हणाल्या, "सुशीला वाचे तं मधात थांबे. मंग तिथी मी आमचा शबद म्हनो. मंग ते पुढं जाये."
मला माहीत नव्हते.
"पोरायचं बी तसंच ठरलं होतं आमचं. ते वाचतीन, थांबतीन. मी आंधळी बाजूले बसून राहीन. तेवढा एकेक शबद माह्या तोंडानं."
म्हटले, जुनी पाने आहेत. आणतो.
"आनजा. मले घाई नाई. जहाजवाल्यायले आहे." विमानाला त्या जहाजच म्हणतात.

२२ फेब्रु.
ढिगात तीन पाने सापडली. बाकीची मुलींनी वापरून टाकली, काही घरी नेली, काही चुलीत गेली असतील. मुलींना काय बोलणार. ठेवली मी.
तिन्हींच्या मागे ओळीने एएसडीएफजी. नवीन मुली की फार जोरात मारतात. कागद उजेडात धरला तर सु.च्या कोऱ्या जागांत तीच अक्षरे उमटलेली दिसतात.

२८ फेब्रु.
फेअर कॉपीवरून माझे शब्द काढून टाकायचे म्हणून बसलो. तीन पानांचे जमले. पुढे जमेना. एकाच मशीनवर, त्याच बोटांनी टाइप केलेले. तिचा शब्द कोणता, मी भरलेला कोणता, मलाच ओळखू येत नाही. ड्रीम माझा. वेदर बहुतेक माझा. एका ओळीत शॅडो आहे. हा मला सुचला नसता. पण डिक्शनरीत पहिला असला तर...

७ मार्च
पुष्पाचा फोन, शेजाऱ्यांकडे. "झालं का जी ते?" हो म्हटले.

१४ मार्च
बाई परवा निघतात. उद्या सकाळच्या गाडीने काहीतरी घेऊन जायला हवे. साफ कॉपी, की ती तीन पाने.
संध्याकाळी क्लासला सुट्टी दिली. मशीनवर नवा कागद चढवला. पहिले गाणे सुरू केले. पहिली जागा पक्की माहीत आहे, पेनाची. तिथे थांबलो. किती सोडायची ते तीच सांगायची. स्पेसबार दाबत राहिलो. ओळ संपत आल्याची घंटी वाजली.
कागद मशीनवरच आहे.