ऋत्विकच्या गाडीतल्या पिवळ्या दिव्यासह माझी सर्व मालमत्ता

मी, धोंडू गणपत पाष्टे, वय वर्षे ६७, धंदा गाड्यांची दुरुस्ती, राहणार लांजा, जिल्हा रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. राजश्री यांनी दिला आहे. फुफ्फुसांचा दाखला त्यांनी दिला नाही, कारण ती वेल्डिंगच्या धुराने गेलेली आहेत. वकील दर्शना मॅडम यांनी खर्डा करून दिला होता, पण त्यात रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्या भागोजीचे नाव कुठेच नव्हते. म्हणून मी स्वतःच लिहायला बसलो.

कलम १. राहते घर आणि मागची सात हापूस कलमे माझी पत्नी मथुरा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहतील. तिच्यानंतर मुलगा ऋत्विक आणि मुलगी ईशा यांना समान हिस्सा. ईशा लग्न होऊन देवरूखला गेली म्हणून तिला कमी द्यावे, असे ज्या चुलत भावांनी मला सुचवले, त्यांना हे कलम दोनदा वाचून दाखवावे.

कलम २. पोस्टातील ठेव सर्व मथुरेची. ती कशी खर्चावी हे तिला कोणी शिकवू नये. मी एकदा शिकवायला गेलो होतो आणि चार दिवस हाताने चहा करून प्यालो.

कलम ३. हायवेलगतचे गॅरेज, वेल्डिंगचे मशीन आणि पाइप वाकवायचे हत्यार ऋत्विकला मिळेल, परंतु कलम ७ मधील अट पाळली तरच.

कलम ४. उस्तादांची सळई. ही हातभर लांबीची पोलादी सळई असून तिचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावले की आतला बिघाड ऐकू येतो. मी आणि भागोजी तानू गोताड, दोघे रत्नागिरीत इब्राहिम उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. १९९१ साली उस्तादांनी गॅरेज बंद केले तेव्हा सळई माझ्या हातात देऊन म्हणाले, "धोंडू, सहा महिने तू वापर, सहा महिने भागोजी वापरेल." मी ती भागोजीला एक दिवसही दिली नाही. माझ्यामागे ती जुन्या चिरेखाणीच्या पाण्यात टाकावी, पण भागोजीच्या हाती लागू देऊ नये.

कलम ५. वरील भागोजी यास माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील मॅडम म्हणतात, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे, हे कारण लोकांना सांगावे. खरे कारण असे की मी त्याच्यावर जळतो.

तरुणपणापासून जळतो. लांज्यात कॉम्प्युटरचा स्कॅनर पहिल्यांदा त्याने आणला. गाडी उचलायची लिफ्ट त्याने बसवली, तेव्हा मी अजून खड्ड्यात उतरून काम करत होतो. उस्तादांनी आम्हाला शिकवले होते की वायरच्या जोडावर टेप गुंडाळली की तिचे टोक दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढच्या माणसाला सोलताना नखे लावावी लागत नाहीत. भागोजीने टेप सोडून प्लास्टिकच्या पट्ट्या धरल्या. मी गावभर सांगत फिरलो की हा उस्तादांना विसरला. आता अख्ख्या तालुक्यात टेपचे टोक दुमडणारा मी एकटाच उरलो आहे, याचाही मला ताठा होता.

कलम ६. पिवळ्या दिव्याबाबत. ऋत्विकने तीन वर्षांपूर्वी टर्बो इंजिनाची लाल गाडी घेतली. तिला मोठा सायलेन्सर बसवायचा त्याला ध्यास होता. मी म्हटले, मी करतो. आयुष्यभर मी हेच केले आहे. तो म्हणाला, "बाबा, ही टर्बो आहे. तुमची सळई लावून कळायचं नाय. सेन्सर असतात, स्कॅनर लागतो." आणि माझ्या दारावरून गाडी चालवत तो भागोजीकडे गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

भागोजीने काम उत्तम केले होते. टर्बोपासून मागपर्यंत रुंद पाइप नेला, पण धूर साफ करणारा डबा काढला नाही. बाकीचे मेकॅनिक आवाजाच्या हौसेपायी तो काढतात आणि मग इंजिनाचा पिवळा दिवा पेटत राहतो. डब्यापुढचा सेन्सर त्याने नीट बसवून वायर पट्टीने बांधली होती. वेल्डिंगचे टाके मथुरेच्या गोधडीवर असतात तसे एकसारखे. ते मी गाडीखाली शिरून पाहिले. एक तरी टाका वाकडा असता तर पुढचे मी केले नसते.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात नाचत होती. सगळे घर पालखीपाशी होते, तेव्हा मी घरामागे गाडीखाली सरपटत गेलो. भागोजीची पट्टी कापली आणि सेन्सरचा कनेक्टर अर्धा ओढून ठेवला. मग वर टेप गुंडाळली, कारण उघडा जोड माझ्याने बघवत नाही. देव दारात आलेला असताना मी हे केले. दुसऱ्या दिवशी हातखंब्याला पोचेपर्यंत पिवळा दिवा पेटला.

ऋत्विक गाडी घेऊन भागोजीकडे गेला. दिवा विझला. आठवड्याने मी पुन्हा तेच केले. मथुरेने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला आणि गुरवाने गाऱ्हाणे घातले, "या पोराच्या गाडीवर कोणाची वाकडी नजर पडली असंल, तर ती दूर कर रे महाराजा!" सगळे म्हणाले, "होय महाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा होता.

तिसऱ्यांदा दिवा पेटल्यावर भागोजीने हात टेकले. तो ऋत्विकला म्हणाला, "माज्याच्यान नाय होत. तुज्या बापाशीला दाखव." ऋत्विकने हे वाक्य मला येऊन सांगितले, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड दिवस. मी सळई कानाला लावून उगाच दहा मिनिटे इंजिन ऐकल्यासारखे केले, मग खाली शिरून कनेक्टर दाबला. पोराने माझे पाय धरले. त्याने मोबाइलवर व्हिडिओ टाकला की बाबांनी सळईने जे केले ते भागोजीच्या कॉम्प्युटरला जमले नाही. तो हजारोंनी पाहिला. भागोजीची गिऱ्हाइके माझ्याकडे येऊ लागली. त्याची लिफ्ट दिवसचे दिवस रिकामी असते, हे मी रोज रस्ता ओलांडून मुद्दाम पाहून येत असे. पुढे पुढे ते पाहिले की झोप लागेना, तरीही जात असे.

कलम ७. अट. ऋत्विक, दिवा मी पेटवला होता. भागोजीच्या कामात काडीचा दोष नव्हता. जसा तो व्हिडिओ टाकलास तसाच दुसरा टाक. भागोजीच्या गॅरेजसमोर उभा राहून कलम ६ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाच, माझ्या नावासकट. ते केल्याशिवाय गॅरेजचे कुलूप उघडू नये. कुलूप उघडले की नाही यावर ईशाने लक्ष ठेवावे, ती तुझ्यापेक्षा कडक आहे. माझ्याबद्दल तुला काय वाटेल हे मी समजू शकतो. जिवंतपणी तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही असे वकील मॅडम म्हणाल्या, परंतु भागोजीने प्रत्येक ओळ वाचूनच सही करावी अशी माझी विनंती आहे.

सही: धोंडू गणपत पाष्टे

साक्षीदार १: डॉ. राजश्री मांडवकर, लांजा. (सही)

साक्षीदार २: भागोजी तानू गोताड, लांजा. (सही) सगळा वाचला. टेपाचा टोक दुमडलेला होता, धोंडू. मला पयल्याच दिशी कळला.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच दोन साक्षीदारांसमोर:

वरील शेरा मी तीनदा वाचला. मी विचारले, "मग बोललास का नाय?" भागोजी म्हणाला, "पोरग्याला काय सांगू, तुजा बापूस माज्यावर जळतो म्हून? तुज्याकडं धाडला, म्हटला आता तरी तुजा जीव थंड होईल." म्हणजे ज्या वाक्यावर मी अडीच वर्षांहून अधिक जगलो, तेही त्यानेच दिलेले होते. हे लिहितानाही माझा जळफळाट होत आहे, तो कोणी नाकारू नये.

कलम ४ मधील चिरेखाणीचा मजकूर रद्द. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून सळई मी आज जिवंतपणीच माझ्या हाताने भागोजीला दिली. उस्तादांनी ठरवून दिलेले सहा-सहा महिने धरले तर चौतीस वर्षांत त्याची सतरा वर्षे माझ्याकडे राहिली आहेत. तेवढी वर्षे आता माझ्याजवळ नाहीत, म्हणून सळई कायमचीच दिली. त्याने ती घेतली.

सही: धोंडू गणपत पाष्टे
साक्षीदारांच्या सह्या: डॉ. राजश्री मांडवकर, भागोजी तानू गोताड
ठिकाण: लांजा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५